ज्यूंकडे पाहायचे तर नीट पाहा

राखीव जागांच्या विरोधात बोलणाऱ्या वक्त्यांच्या भात्यात एक बाण कायमचा असतो. भाषण रंगात आले, टाळ्या पडू लागल्या की तो बाहेर निघतो. ‘ज्यूंकडे पाहा! दोन हजार वर्षे छळ सोसला, देशोधडीला लागले. पण त्यांनी कोणापुढे हात पसरला नाही, सवलती मागितल्या नाहीत. केवळ बुद्धीच्या आणि कष्टाच्या बळावर त्यांनी अमेरिकेतली विद्यापीठे काबीज केली!’ सभागृहात माना डोलतात. आणि खेदाची गोष्ट अशी की, समोर बसलेले आपले कार्यकर्तेही या ठिकाणी निरुत्तर होतात. ज्यूंच्या छळाविषयी आपल्या मनात सहानुभूती असते, त्यांच्या कर्तृत्वाविषयी आदर असतो. त्यामुळे या उदाहरणाला हात कसा घालावा हेच सुचत नाही.

हात घालावयास हवा. कारण या वक्त्याचा ज्यू न्यूयॉर्कच्या बंदरात उतरतो आणि दुसऱ्याच वाक्यात नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिसतो. मधल्या काळात तो कोणत्या महाविद्यालयाच्या दारात उभा होता, दार कोणी उघडले, कोणी लावून घेतले, त्याने जेवणाचा डबा कोठे बसून खाल्ला, याचा पत्ता वक्त्याला नसतो. तो मधला काळच खरा शिकण्यासारखा आहे.

हार्वर्डपासून सुरुवात करू. न्यू इंग्लंडच्या कडव्या प्युरिटन ख्रिस्ती वसाहतवाल्यांनी १६३६ साली स्थापन केलेले हे महाविद्यालय. धर्मोपदेशक तयार करणे हा त्याच्या मूळ हेतूंपैकी एक. पुढे ते बॉस्टनच्या धनिक प्रॉटेस्टंट घराण्यांचे जणू कुलदैवतच बनले. तेथे प्रवेश परीक्षेवर मिळे. ती परीक्षा बड्या खासगी शाळांच्या अभ्यासक्रमाला सोयीची होती हे खरे. पण उत्तीर्ण झालेल्या मुलाला जागा मिळे. रशिया-पोलंडमधून परागंदा होऊन आलेल्या ज्यू शिंप्यांच्या, फेरीवाल्यांच्या मुलांनी हे ओळखले आणि बॉस्टनच्या सरकारी शाळांतून ते अभ्यासाला लागले. १९०० साली हार्वर्डच्या पहिल्या वर्षात ज्यू विद्यार्थी सुमारे ७ टक्के होते. १९२२ साली ते २१.५ टक्के झाले. म्हणजे आपल्या वक्त्याला अभिप्रेत असलेली ‘शुद्ध गुणवत्ता’ येथे प्रत्यक्ष कामाला लागली होती. तिचे पुढे काय झाले?

त्या वेळी हार्वर्डचे अध्यक्ष होते ॲबट लॉरेन्स लोवेल. मॅसॅच्युसेट्समधली लोवेल आणि लॉरेन्स ही कापडगिरण्यांची दोन शहरे यांच्याच पितृकुळाच्या आणि मातृकुळाच्या नावांनी ओळखली जातात. १९१२ सालचा इतिहासप्रसिद्ध गिरणी संप झाला तो याच लॉरेन्समध्ये. १९१९ साली बॉस्टनचे पोलीस संपावर गेले, तेव्हा त्यांच्या जागी उभे राहण्याचे आवाहन याच अध्यक्षांनी आपल्या विद्यार्थ्यांना केले. आणि १९२७ साली साक्को व व्हॅन्झेटी या दोन इटालियन अराज्यवादी कामगारांच्या खटल्याचा फेरविचार करणाऱ्या सल्लागार समितीवर बसून, त्यांना देहदंडाकडे पाठवणाऱ्या निकालावर शिक्कामोर्तब करणारे हेही हेच गृहस्थ. माणसाची ओळख पुरेशी झाली.

१९२२ साली लोवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण १५ टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये, असा विचार मांडला. त्यामागचा त्यांचा युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. ज्यू वाईट आहेत असे त्यांनी म्हटले नाही! त्यांचे म्हणणे असे की, ज्यूंची संख्या वाढते तसतसा त्यांच्याविषयीचा द्वेष वाढतो. ती ४० टक्क्यांवर गेली तर द्वेष पराकोटीला पोहोचेल. तेव्हा त्यांच्याच हितासाठी त्यांची संख्या मर्यादेत ठेवणे बरे. एका पत्रात त्यांनी उन्हाळी हॉटेलाचा दाखला दिला. ज्यू गिऱ्हाइके घेतली की ख्रिस्ती गिऱ्हाइके निघून जातात, आणि मग ज्यूही निघून जातात. हॉटेल बुडते ते ज्यूंच्या वाईट चारित्र्यामुळे नव्हे, तर इतरांच्या निघून जाण्यामुळे. रोग इतरांना आणि पथ्य ज्यूंना, असा हा वैद्यकीचा प्रकार! पाणवठ्याला स्पर्श झाला तर गावात तंटा माजेल, म्हणून पाणवठ्यापासून दूर राहा, असे ‘शांततेसाठी’ सांगणारे पाटील-कुलकर्णी आपण पाहिले आहेत. हार्वर्डच्या अध्यक्षांची भाषा तेवढी अधिक सुसंस्कृत.

उघड मर्यादेच्या या सूचनेवर ओरड झाली. वृत्तपत्रांनी टीका केली, प्राध्यापकांची समिती नेमली गेली, आणि १९२३ साली त्या समितीने मर्यादा घालण्याचे नाकारले. आपल्याकडे असा अहवाल आला की आपण विजयसभा घेतो आणि घरी जातो. लोवेल घरी गेले नाहीत. समितीचा विचार चालू असतानाच, १९२२ च्या शरद ऋतूत, प्रवेश अर्जावर काही नवे प्रश्न आले होते. वंश व वर्ण कोणता? धर्म कोणता? आईचे माहेरचे आडनाव काय? वडिलांचा जन्म कोठे झाला? आणि सर्वांत बोलका प्रश्न असा की, तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात जन्मापासून काही बदल झाला आहे काय? असल्यास सविस्तर खुलासा करा. आत असलेल्या विद्यार्थ्यांचीही छाननी करून तीन वर्ग पाडण्यात आले: निश्चित ज्यू, बहुधा ज्यू, आणि कदाचित ज्यू. जातपडताळणीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालणाऱ्या आपल्या मुलांना हे ऐकून नवल वाटेल. एवढी कसून पडताळणी झाली ती कोणाला काही देण्यासाठी नव्हे, तर जे स्वबळावर मिळवले होते ते काढून घेण्यासाठी.

खरा डाव पडला १९२६ साली. तोवर ज्यूंचे प्रमाण २७ टक्क्यांच्या वर गेले होते. पहिल्या वर्गाची संख्या सुमारे एक हजारावर गोठवण्यात आली आणि परीक्षेच्या जोडीला ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ हे निकष आले. अर्जाबरोबर छायाचित्र मागण्यात येऊ लागले. देशाच्या दूरदूरच्या भागांतून, म्हणजे जेथे ज्यू वस्ती नगण्य अशा प्रदेशांतून, विद्यार्थी यावेत हे धोरण ठरले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप मिळू लागले. कोठेही ‘ज्यू’ हा शब्द लिहावा लागला नाही. लोवेल निवृत्त होईपर्यंत, १९३३ च्या सुमारास, ज्यूंचे प्रमाण त्यांना हवे होते त्या १५ टक्क्यांच्या आसपास येऊन बसले. समितीने जे नाकारले होते, ते कारकुनाच्या टेबलावर पार पडले.

येथे वक्त्याला थांबवून विचारले पाहिजे: महाराज, त्या मुलांची गुणवत्ता १९२५ साली होती आणि १९३० साली आटली काय? मुले तीच होती, अभ्यास तोच होता. गुणवत्ता म्हणजे काय याची व्याख्या बदलली, आणि ती बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी ती बदलली. परीक्षेत मागे पडेनात, तेव्हा परीक्षेचे महत्त्व कमी झाले. ‘ज्यू मुले फार अभ्यास करतात, खेळत नाहीत, त्यांच्यात समरसता नाही’, हे आक्षेप घेणारे तेच लोक होते, जे इतर गरिबांना ‘तुम्ही अभ्यास करीत नाही’ म्हणून हिणवीत होते.

कोलंबियाची कथा याहून फारशी वेगळी नाही. न्यूयॉर्क शहरातल्या या विद्यापीठात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ज्यूंचे प्रमाण ४० टक्क्यांच्या जवळ गेले होते. बुद्धिमापन चाचण्या, मुलाखती, छायाचित्रे यांच्या साहाय्याने काही वर्षांतच ते जवळजवळ निम्म्यावर आणण्यात आले. या कोलंबियाशी आपला जिव्हाळ्याचा संबंध आहे. १९१३ ते १९१६ या काळात, म्हणजे दार लागण्याच्या नेमक्या आधी, भीमराव आंबेडकर तेथे शिकत होते. अर्थशास्त्रातले त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन हे ज्यू. जातिसंस्थेच्या उगमावरचा निबंध १९१६ साली त्यांनी ज्यांच्या चर्चासत्रात वाचला, ते मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर हेही कीव्हहून आलेले ज्यू. अस्पृश्यतेचा दाह सोसलेला विद्यार्थी आणि युरोपातून बहिष्कृत झालेल्या समाजातले अध्यापक यांची ती भेट होती. आणि हेही विसरू नये की आंबेडकर तेथे पोहोचले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. बुद्धी त्यांची होती. बोटीचे भाडे सयाजीरावांच्या खजिन्यातून आले.

पुढे १९२८ साली कोलंबियाने ब्रुकलिनमध्ये सेथ लो ज्युनियर कॉलेज नावाची एक वेगळी शाखा काढली. मुख्य महाविद्यालयात जे नकोत, त्यांची तेथे रवानगी व्हावी. विद्यार्थी बहुतांश ज्यू, बाकीचे इटालियन वगैरे. गावकुसाबाहेरचे महाविद्यालयच म्हणा! विज्ञानकथांमुळे पुढे जगभर गाजलेला आयझॅक आसिमोव्ह १९३५ साली याच शाखेत दाखल झाला. मुख्य महाविद्यालयाला तो चालला नव्हता. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात गेलेला रिचर्ड फाइनमन हा आधी कोलंबियाच्या दारातून परतला होता. ज्यूंसाठीच्या मर्यादेमुळे आपल्याला नाकारले, असे तो पुढे सांगत असे. चार वर्षांनी तो संशोधनासाठी प्रिन्स्टनला निघाला, तेव्हा तेथून त्याच्या प्राध्यापकांकडे विचारणा आली: हा ज्यू आहे काय? आमचा तसा काही नियम नाही. पण विभागातले प्रमाण बेताचे ठेवावे लागते. पदार्थविज्ञानात अलौकिक गती असलेल्या मुलाची ही कथा. सामान्य बुद्धीच्या ज्यू मुलाचे काय झाले असेल याची कल्पना करावी. आणि समतेचा प्रश्न शेवटी सामान्य बुद्धीच्या मुलाचाच असतो. सामान्य बुद्धीच्या लक्षाधीशपुत्राला हार्वर्डने कधी अडवले नाही.

जे आत गेले त्यांचे जीवन कसे होते? थिओडोर व्हाइट या पत्रकाराने आपल्या आठवणींत ते सांगितले आहे. बॉस्टनच्या डॉर्चेस्टर वस्तीतला हा मुलगा ट्रामगाडीत वर्तमानपत्रे विकून शिकला आणि १९३४ साली हार्वर्डला गेला. फी ४०० डॉलर. त्यातले २२० हार्वर्डच्या शिष्यवृत्तीतून आणि १८० वर्तमानपत्रे विकणाऱ्या मुलांसाठी असलेल्या एका निधीतून. वसतिगृहाचा खर्च झेपण्यासारखा नव्हता, म्हणून तो रोज घरून ये-जा करी. विद्यार्थ्यांच्या तीन जाती त्याने वर्णिल्या आहेत. बड्या खासगी शाळांतून आलेले श्रीमंत ते ‘गोरे’; सरकारी शाळांतले मध्यमवर्गीय ते ‘करडे’; आणि कागदी पिशवीत डबा घेऊन येणारे, दिवसा येऊन संध्याकाळी परतणारे, ज्यू, आयरिश, इटालियन वस्त्यांतले ते ‘मीटबॉल’, म्हणजे खिम्याचे गोळे! नामांकित क्लबांची दारे त्यांना बंद. ज्ञान एकाच वर्गात बसून मिळे. पण पंगत वेगळी. आपल्या महाविद्यालयांच्या भोजनगृहांत ज्यांना अजूनही टेबल निवडून बसावे लागते, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र आपण लपवू नये. या ‘मीटबॉल’ मुलांची लाज सर्वांत जास्त कोणाला वाटत होती? बॉस्टन-न्यूयॉर्कमध्ये दोन पिढ्या आधी स्थायिक झालेल्या, सुखवस्तू जर्मन ज्यूंपैकी कित्येकांना. पोलंडकडचे हे मोठ्याने बोलणारे, कोपराने वाट काढणारे धर्मबंधू आपली प्रतिष्ठा घालवतात, असे त्यांना वाटे. तेव्हा ‘ज्यू समाज’ म्हणून एकसंध काही उभा होता आणि त्याने एकदिलाने प्रगती केली, ही कल्पनाही सोडून द्यावी. वर्गाची रेघ तेथेही होती. आणि ज्या १९२२ साली लोवेल ज्यूंची संख्या मोजीत होते, त्याच सुमारास पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात निग्रो विद्यार्थ्यांना राहू न देण्याचा हुकूमही त्यांनी चालवला होता. नाकारलेल्यांपैकी एकाचे वडील स्वतः हार्वर्डचे पदवीधर होते! १९२३ साली नियामक मंडळाला यात माघार घ्यावी लागली. ज्यूला अडवणारा हात आणि काळ्याला अडवणारा हात एकच होता, ही गोष्ट पुढे दोन्ही बाजूंचे लोक विसरले.

आता मुख्य प्रश्न. दार लागले होते, तर ज्यू वर आले कसे? याचे उत्तर हार्वर्डमध्ये नाही. ते न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये आहे. १८४७ साली ‘फ्री अकॅडमी’ या नावाने ही संस्था शहराने स्थापन केली. नावाप्रमाणेच ती मोफत होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत तिथले बहुसंख्य विद्यार्थी ज्यू कामगारांची मुले होती. जोनास सॉल्क, ज्याच्या पोलिओ लसीने १९५५ साली जगातल्या आयांना निर्धास्त केले, तो येथलाच. कपड्याच्या धंद्यात राबणाऱ्या बापाचा मुलगा. रॉबर्ट हॉफस्टॅटर, आर्थर कॉर्नबर्ग हे पुढचे नोबेल मानकरी येथलेच. या कॉलेजच्या उपाहारगृहात भिंतीलगत कोनाडे होते. पहिल्या क्रमांकाच्या कोनाड्यात स्टालिनविरोधी समाजवादी आणि दुसऱ्यात स्टालिनवादी जमत, आणि घरून आणलेली भाकरी खात दिवसभर एकमेकांशी भांडत. (आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. त्यांच्यापैकी काही पुढे कट्टर उजवे झाले, हेही ओळखीचेच.) म्हणजे आपल्या वक्त्याच्या तोंडी असलेली ‘स्वबळावरची’ प्रगती ही शहराच्या करांवर चालणाऱ्या मोफत सार्वजनिक महाविद्यालयाने घडवलेली आहे.

दुसरे उत्तर कायद्यात आहे. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाने ज्यूंवरील मर्यादांचा आणि काळ्यांच्या बहिष्काराचा एकत्रच निषेध केला. १९४८ साली न्यूयॉर्क राज्याने प्रवेशातील भेदभावाला कायद्याने बंदी केली आणि राज्याचे सार्वजनिक विद्यापीठ उभारले. त्याच वर्षी ज्यूंनी वॉल्थमला ब्रँडाइस विद्यापीठ काढले आणि तेथे कोणासही धर्म विचारायचा नाही असे ठरवले. मागणे, भांडणे, कायदा करून घेणे, सार्वजनिक पैसा खर्चायला लावणे, हे सारे झाले. कोणापुढे हात पसरला नाही म्हणतात ते खरे आहे; हात पसरला नाही, मूठ आवळली.

यावर विरोधक शेवटचा मुद्दा काढतील, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘मग ज्यूंना ज्या कोट्याने छळले, तोच कोटा तुम्ही मागता ना?’ अमेरिकेतही हा प्रश्न आला. कॅलिफोर्नियातील एका वैद्यकीय विद्यालयाने १०० पैकी १६ जागा वंचित गटांसाठी ठेवल्या, तेव्हा १९७८ च्या बॅकी खटल्यात प्रमुख ज्यू संघटना त्या योजनेच्या विरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांची भीती खोटी नव्हती. आकडा या शब्दानेच ज्यांच्या जखमा ओल्या होतात, त्यांना दोष देता येत नाही. पण आकडा आणि आकडा यांत फरक आहे. लोवेलचा १५ हा वरचा अडसर होता: याहून अधिक नकोत. राखीव जागेचा आकडा ही खालची पायरी आहे: निदान इतके तरी येऊ द्या. पहिला ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी इतरांवर लादला. दुसरा ज्यांना सत्तेने दूर ठेवले त्यांनी झगडून मिळवला. छत आणि जिना यांना एकच मोजपट्टी लागते म्हणून त्या एकच वस्तू होत नाहीत.

आणि गंमत पाहा. बॅकी खटल्यात न्यायमूर्ती पॉवेल यांनी उघड राखीव जागा रद्द केल्या आणि आदर्श म्हणून नमुना दाखवला तो हार्वर्डचा: संख्या सांगू नका, ‘विविधता’ पाहा, दूरच्या प्रांतांतला मुलगा घ्या, संपूर्ण व्यक्तिमत्त्व तोला. हे तर लोवेलच्याच कारखान्यातले हत्यार! त्याची धार कोणाकडे वळली ते २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या खटल्यात उघड झाले. आशियाई वंशाच्या अर्जदारांना अभ्यासात उत्तम गुण, पण ‘वैयक्तिक गुणां’मध्ये कार्यालय त्यांना खाली टाकी, प्रत्यक्ष भेटून मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना मात्र तसा फरक दिसत नव्हता. त्याच खटल्यातल्या कागदपत्रांवरून अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की, प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक हे खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापकांची मुले किंवा देणगीदार वगैरेंच्या खास यादीतले होते. न्यायालयाने काळ्या विद्यार्थ्यांना मिळणारा वंशाचा विचार बंद केला. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची वहिवाट तशीच ठेवली. गुणवत्तेचा हा विजय कोणाच्या पदरात पडला ते वेगळे सांगायला नको.

येथे आपल्या घराकडेही पाहावे. विद्यापीठांतील राखीव पदांवर ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून ती रिकामी ठेवण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. ‘योग्य’ म्हणजे काय ते मुलाखत घेणारे ठरवतात, आणि लिहून ठेवत नाहीत. त्यांना लोवेलचे नावही ठाऊक नसेल. पण पुरोगामी म्हणवणाऱ्या संस्थांतही मुलाखतीनंतर ‘मुलगा हुशार आहे, पण आपल्यात मिसळेलसा वाटत नाही’ हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. आणि मान्य करतो, त्या वेळी गप्प बसलो आहे. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना आपण कधी छळले नाही, हा आपला अभिमान रास्त आहे. पण शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या त्या लोकांनाही आपण ‘शनवार तेली’ म्हणून एक जात देऊनच शेजारी बसवले होते.

ज्यू विद्यार्थ्याच्या नावाचा वापर आजही थांबलेला नाही. गाझातील युद्धानंतर अमेरिकेच्या विद्यापीठांत ज्यू मुलांना अपमान आणि धाकदपटशा सोसावा लागला, हे खरे आहे. हार्वर्डच्याच समितीने एप्रिल २०२५ मध्ये ते मान्य केले, आणि त्याच दिवशी मुस्लिम व अरब विद्यार्थ्यांच्या हालांचा दुसरा अहवालही प्रसिद्ध केला. पण ट्रम्प सरकारने ज्यूद्वेषाचे निमित्त करून हार्वर्डचे २.२ अब्ज डॉलरांचे संशोधन अनुदान गोठवले, आणि प्रवेश, नेमणुका, अभ्यासक्रम यांवर देखरेख मागितली, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने हा केवळ धूरपडदा असल्याचे म्हटले. शंभर वर्षांपूर्वी ज्यूंच्या ‘हितासाठी’ त्यांना बाहेर ठेवले; आज त्यांच्याच ‘हितासाठी’ इतरांची तोंडे बंद करायची. दोन्ही वेळा त्या मुलाला कोणी विचारले नाही.

सिटी कॉलेजचे पुढे काय झाले, तेही सांगायचे राहिले. १९७० साली विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर न्यूयॉर्कच्या या सार्वजनिक विद्यापीठाने आपली दारे सर्व शालान्त विद्यार्थ्यांना उघडली. काळी आणि पोर्टोरिकन मुले मोठ्या संख्येने आत आली. १९७६ साली, शहराच्या तिजोरीत खडखडाट आहे या कारणावरून, तेथे प्रथमच फी लावण्यात आली. ज्यू मुले शिकत होती तोवर, महामंदीच्या काळातही, जी शिकवणी मोफत देणे शहराला परवडले होते, ती आता परवडेनाशी झाली.

तेव्हा पुढच्या सभेत वक्ता ‘ज्यूंकडे पाहा’ म्हणून हात उंचावेल, त्या वेळी आपल्यापैकी कोणीतरी उठून त्याला शांतपणे एवढेच विचारावे: जोनास सॉल्कच्या कॉलेजची फी किती होती?